विभावरीची 'सौम्य' खाज

डॉक्टरकडे जायचं म्हणजे विभावरीची आधी आंघोळ, मग अंगभर खोबरेल तेल, मग इस्त्रीचे कपडे. दवाखान्यात गबाळ्यासारखं जाऊ नये, ही नागपूरच्या माहेरची शिकवण. एक्झिमानं तिची कोपरं, मान, गुडघ्यामागच्या लवणी जाड आणि काळ्या पडल्या होत्या, खाजवून रक्त यायचं. पण तेलानं सगळा कोंडा बसून जायचा. त्वचेचे मोठे डॉक्टर, ज्यांच्या पहिल्या भेटीसाठी वर्ष वर्ष वाट बघायची, तिचा हात उलटसुलट करून बघत आणि लाली फारशी नाही, सौम्य आहे, मलम चालू ठेवा, असं सांगत. घ्या!

अहो, लाली दिसणार कुठून? सावळी कातडी सुजली की जांभळट, काळपट होते. लाल होते ती गोऱ्यांची. विभावरीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनी कधी जाणून घेतलं नव्हतं.

आयर्लंडमध्ये, लिमरिक शहराजवळच्या एका कारखान्यात हृदयात बसवायच्या झडपा बनत. तिथल्या क्लीनरूममध्ये ती इंजिनिअर होती आणि त्या कामावर तिचा जीव होता. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालायचा, कारण कातडीचा एक कपटा पडला तरी अख्खी बॅच कचऱ्यात. तिच्या मनगटांना भेगा पडल्या तेव्हा साहेबांनी तिला बाहेर, टेबलावरच्या कागदी कामाला बसवलं. कातडी बरी करून या, उन्हाळ्यापर्यंत तुमची जागा राखतो, म्हणाले.

तिच्याच हाताखालच्या शिवॉनलाही एक्झिमा होता आणि डॉक्टरही तेच. तिची मान टोमॅटोसारखी लाल व्हायची. तिला नवं इंजेक्शन मिळालं आणि ती खडखडीत बरी झाली. विभावरी जळली, खोटं कशाला बोला. शिवॉन मात्र मनानं चांगली. तिनं सांगितलं, सगळ्यात वाईट दिवशी जा, अंगाला काही लावू नकोस, आणि कशी आहेस विचारलं तर 'ग्रँड', म्हणजे एकदम मजेत, असं म्हणू नकोस. कुणीही विचारलं तरी 'ग्रँड' म्हणायचं, एवढं आयरिशपण विभावरीनं मन लावून उचललं होतं.

पुढच्या वेळी ती बिनआंघोळीची, बिनतेलाची गेली. गाडी चालवताना नवरा, हरीश, निदान केस तरी विंचर म्हणत राहिला. तिला भीक मागायला निघाल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि हे जुने डाग आहेत, मूळ आजार ओसरलाय, म्हणून डाग उजळायचं क्रीम लिहून दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

"डॉक्टर, मी लाल होत नाही," विभावरी म्हणाली. "म्हणून मला खाजत नाही, असं का?"

त्यांनी हळुवारपणे समजावलं की लाली, सूज, खपल्या यांचे गुण मोजून इंजेक्शन ठरतं आणि तिचे गुण कमी पडतात. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाशी धड भांडताही येईना. तिला स्वतःचीच चीड आली.

उन्हाळा गेला. साहेबांनी शब्द पाळला होता, उन्हाळ्यापर्यंतच. क्लीनरूममध्ये तिच्या जागी शिवॉनला बढती मिळाली.

हिवाळ्यात त्या डॉक्टरांच्या खुर्चीवर नायजेरियन आईबापांची, डब्लिनमध्ये वाढलेली एक तरुण डॉक्टर आली. तिनं नुसतं पाहिलं नाही. मनगटावर बोटं ठेवली, ऊब तपासली, जाडी दाबून पाहिली.

"हे सौम्य नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हतं."

इंजेक्शन सुरू झालं आणि थोड्याच आठवड्यांत खाज गेली. विभावरी पहिल्यांदा सलग झोपली. सकाळी चहा घेऊन हरीश आला तर ती पलंगावर बसून ढसाढसा रडत होती. त्याला वाटलं, आनंदानं. झालं गेलं विसर आता, म्हणाला.

"हरीश, इतकं सोपं होतं?" तिनं विचारलं. "एवढ्याशा सुईचं काम होतं हे?"

त्यानं चहाचा कप पुढे केला. ती उठली, तोंड धुतलं आणि क्लीनरूमबाहेरच्या, टेबलावरच्या कामाला निघाली.