झुबेदाआपांकडे शिकलेलं एक वाक्य

औशाच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी दिली आणि कंडक्टरने घंटी मारेपर्यंत ती एकच गोष्ट सांगत राहिली. "दादा म्हनंल तसं ऱ्हा. आपल्याला काय पायजे ते कुनी इचारल्याबिगर सांगू नाई." गाडी हलली तरी ती खिडकीबरोबर चालत होती आणि तेच सांगत होती. मी मॅट्रिक झाले होते, अठरा वर्षांची होते, आणि खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा मला पिंपरी कशी असेल याचीच जास्त उत्सुकता होती. गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तेव्हा मी तुम्हाला मिठी मारून रडले, त्यातलं निम्मं रडणं चारचौघींत बरं दिसावं म्हणून होतं. आता कबूल करून टाकते.

दादा पिंपरीत एका कारखान्यात मशीनवर होता. पिंपळे गुरवला त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वहिनीने मला दुसऱ्याच महिन्यात एका औषध कंपनीत पॅकिंगला लावलं. बाटलीवर लेबल, बाटली खोक्यात, पुन्हा लेबल. आम्ही वीस-बावीस जणी होतो. कोकणातल्या, साताऱ्याच्या, आणि इथल्याच जुन्या घरांतल्या, ज्यांच्या तोंडी "व्हय" आणि "न्हाई" असायचं. दोन वर्षांनी सुपरवायझरने सांगितलं, पॅकिंगमधून दोघींना इन्स्पेक्टर करणार. आलेला माल तपासायचा, पास करायचा किंवा परत पाठवायचा. मात्र तोंडी परीक्षा इंग्रजीत होणार, आणि त्यात "तुमचा गोल काय?", म्हणजे ध्येय काय, असं हमखास विचारतात, असं कुणीतरी पसरवून दिलं. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

पिंपरी बाजाराच्या मागे कासीमभाईंचं गॅरेज होतं. त्यांची बायको झुबेदाआपा पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. पहिली शिफ्ट सुटली की आम्ही चौघी तिच्याकडे जायचो. फळा नव्हता. आपा गॅरेजमधले नट खोलायचे पाने आणून सतरंजीवर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायची. सगळ्यात लहान पाना म्हणजे 'विश', नुसतं वाटणं. मग 'होप', आशा. मग 'प्लॅन', मग 'डिसाइड'. आणि शेवटी हातभर लांब, ग्रीसने काळा झालेला 'रिझॉल्व्ह'. ठरवलं म्हणजे ठरवलं, आता मागे फिरणं नाही. "जो नट, तो पाना," ती म्हणायची. "छोट्या पान्याने मोठा नट खोलायला जाशील तर हात सोलून घेशील."

मला याचं फार नवल वाटलं. आमच्या घरात या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, 'बघू'. नवं लुगडं घेऊ? बघू. पुढे शिकू? बघू. इंग्रजांना हवंहवंसं वाटण्याच्या एवढ्या पायऱ्या कशाला लागल्या असतील, याचा मी बाटल्यांना लेबलं लावताना विचार करत बसायचे.

रोज एक वाक्य लिहून न्यायचं असे. पहिल्या दिवशी मी लिहिलं, दादाला बढती मिळावी अशी आशा आहे. दुसऱ्या दिवशी, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. बाकीच्या तिघींचंही तसंच, कुणाच्या भावाचं लग्न, कुणाच्या सासऱ्याचा दमा. आपाने चारही वह्या बाजूला सारल्या. "अगं, ये तो सब दुसऱ्यांचं झालं. तुझं काय? तेरा खुद का?" आठ दिवस गेले, तेव्हा कुठे मी माझं वाक्य लिहिलं, आणि मोठा पाना उचलून लिहिलं. मग ते पाठ केलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, जिथे तिथे तेच पुटपुटायचे.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते, आणि मला बघायला पाहुणे आले. मुलगा लातूरचा, सरकारी कचेरीत कारकून. पत्रिका आधीच जुळल्या होत्या, दादा खूश होता. लग्न झालं तर मला लातूरला जायचं होतं, म्हणजे नोकरी संपली. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी पोहे दिले, नाव सांगितलं, खाली बघत बसले. कौतुकाच्या भरात दादा बोलून गेला, "आमची सुमन इंग्रजी बोलते."

मुलाचे मामा सरसावून बसले. "आसं? बोल की मग माय. आमालाबी ऐकू दे."

मला इंग्रजीत धडपणे एकच गोष्ट बोलता येत होती. तीच बाहेर आली. "माय गोल इज टु बिकम ॲन इन्स्पेक्टर. आय हॅव रिझॉल्व्ड टु स्टे इन पिंपरी अँड कीप माय जॉब." इन्स्पेक्टर व्हायचंय, पिंपरीतच राहून नोकरी टिकवायची असं पक्कं ठरवलंय, असं मी मला बघायला आलेल्या माणसांना एका दमात सांगून टाकलं.

"वा! पोरगी फाडफाड बोलती की!" मामांनी मांडीवर थाप मारली आणि भाच्याकडे वळले. "काय म्हनली रे?"

मुलाने कपबशी खाली ठेवली. त्याला सगळं कळलं होतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. "आपलं स्वागत केलं, मामा," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "हे नुसतं पाठ केलेलं आहे, की खरंच तसं आहे?"

"खरंच तसं आहे," मी म्हणाले.

आठ दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. "आधी तर जुळली होती!" वहिनी म्हणाली. दादा माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी त्याला त्या वाक्याचं मराठी करून सांगितलं. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते तीन दिवस मला फार जड गेले. स्थळ गेलं, उद्या ती जागाही हुकली तर गावी काय तोंड दाखवू, असं सारखं मनात येई. चौथ्या दिवशी डबा भरताना त्याने विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"बुधवारी."

"मग आता ती तरी पास हो."

परीक्षेत गोल कुणी विचारलाच नाही! लेबल तिरकं लागत असेल तर काय कराल, एवढंच विचारलं. लाइन थांबवेन, म्हणाले, आणि पास झाले.

त्या लातूरच्या माणसाबद्दल मला अजून कुतूहल आहे. तो एवढं इंग्रजी कुठे शिकला, आणि त्याने स्वतःसाठी काय ठरवलं होतं? त्याचे उपकार झाले माझ्यावर, आणि मी त्याला साधं थँक्यूही म्हणाले नाही. माझं लग्न पुढे झालं नाही. दादाने चिखलीला जागा घेतली, आणि पिंपळे गुरवच्या खोल्या माझ्या नावावर भाड्याने राहिल्या. तुम्ही पत्रांतून विचारता, माहेरी कधी येतेस? पण सासर असेल तर माहेर. माझ्याकडे घर म्हणून मोजायला एकच जागा आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा दादाकडे न उतरता माझ्याकडे आली. दारातच थबकली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. "लेकीच्या घरचं पानी पिऊ नाई म्हनत्यात. ते सासरच्याचं आसतंय." मग आत वाकून बघितलं. दोरीवर माझा कंपनीचा कोट, कोनाड्यात माझी पुस्तकं. "हितं सासरचं कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग हे घर कुनाचं?"

"माझं."

"नुसतं तुजं?"

"हो, आई."

ती आत येऊन खाटेवर बसली, तांब्या घेतला आणि मान वर करून रिकामा होईपर्यंत प्यायली. पदराने तोंड पुसलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"आनखी दे."