ताणावर सोडलेला बगीचा

“मरून नाई राहिला बगीचा, भाऊजी. आमीच त्याले तहानलेला ठेवून राहिलो.”

मामी हे बाबांना सांगत होती. मी पलीकडच्या बाजेवर पाठ करून बसले होते, म्हणून कानावर पडलं. समोर मामाची संत्र्याची झाडं पानं मुडपून उभी होती. काहींची तर निम्मी पानं खाली गळली होती, त्यावरून कुत्रं चाललं तरी आवाज व्हायचा.

बगीचा मेला असं बाबांना वाटलं, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या वर्षांत शेंदूरजनाघाटच्या आसपास विहिरी आटून कितीतरी बगीचे खरंच मेले होते. येताना रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या लाकडांचे ढीग आम्ही एसटीतून पाहिले होते. मामाचाही गेला, असंच आम्हाला वाटलं. पण मामीने सांगितलं की बहारासाठी थंडीत पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण म्हणतात. पाणी मिळतच राहिलं तर झाड नुसतं पानांनी माजतं, फुलत नाही.

“अन् पाणी सोडायच्या वक्ती विहिरीत पाणीच नसलं तर?” बाबांनी विचारलं.

“तर मंग मेला,” मामी म्हणाली आणि तुरी पाखडायला लागली.

दिवाळीनंतर आई गेली होती. ऑपरेशननंतर तिला पाणी द्यायची मनाई होती. ती मागत राहायची आणि बाबा ओला कापूस तिच्या ओठांना लावून म्हणायचे, “उद्या देतील.” तो उद्या आला नाही.

तिकडे शहरात, जठारपेठेत, आमचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. रिळं, बटणं, लेस, अस्तर. बाबा नजरेने रंग जुळवायचे, बोलायची आई. जुन्या शहरातून येणाऱ्या बायकांशी हिंदीत, खेड्यावरून आलेल्यांशी वऱ्हाडीत, आणि माझ्या इंग्रजी शाळेतल्या बाईंशी माझ्या वतीनेसुद्धा. “येते तिले सगळं. बोलत नाई फक्त.” ती गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो, दोघंही न बोलणारे. दुकानाचं शटर खालीच राहिलं. शेजारच्या दुकानदाराने जागा मागितली, तेव्हा बाबांनी मानेनेच हो म्हटलं. आता परत गेल्यावर किल्ली द्यायची, एवढंच बाकी होतं. मला ते नको होतं. पण ज्या घरात माझ्या वतीने नेहमी दुसरंच कोणी बोललं, तिथे हे कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं.

मामाने आम्हाला ठेवून घेतलं. मग एका सकाळी लाइन आली आणि त्याने मोटार सुरू केली. आम्ही सगळे विहिरीपाशी उभे होतो. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. मामा आळ्यांमधून पाणी फिरवत राहिला. त्या दिवशी झाडांत काहीच बदललं नाही. पुढेही बरेच दिवस नाही. मी रोज सकाळी जाऊन पाहायची आणि हिरमुसून परत यायची. नंतर काड्यांवर कोंब दिसले, मोहरीएवढे.

ज्या सकाळी बगीचा फुलला, त्या सकाळी दार उघडण्याआधीच वास घरात आला होता. बाहेर गेले तर कालच्या उघड्या काड्या पांढऱ्या झाल्या होत्या, अगदी बुंध्याजवळच्या जून फांदीपर्यंत. पूर्ण बगीचा मधमाश्यांनी गुणगुणत होता. उठल्यापासून कोणाची ना कोणाची टिंगल करणारा माझा मामा बांधावर चपला काढून उभा होता.

“दरसाली पायतो,” तो म्हणाला. “तरी समजत नाई, हे आतमंदी होतं कुठी.”

मलाही समजलं नाही. मी फक्त श्वास घेत राहिले. आई गेल्यापासून छातीत पूर्ण हवा घेतलीच नव्हती, असं वाटलं.

घरामागचं एक झाड मात्र हिरवंगार होतं. त्यावर एकही फूल नव्हतं.

“हे काऊन असं?” मामाने विचारलं.

बाबा खाली पाहत म्हणाले, “मी आंघोळीचं पाणी टाकत होतो त्याला. रोज. मला पाहवत नव्हतं.”

दवाखान्यातले ते दिवस मामाने पाहिले होते. त्याने वाकून त्या झाडाचं ओलं आळं चाचपलं. मामीने पदराने नाक पुसलं. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “याचा मृगाचा बहार धरू. उन्हाळ्यात याले एकट्याले ताण देऊ. पावसात फुलंन.”

“जवाईबुवाचं झाड हाय ना,” मामा म्हणाला. “मानपानाबिगर फुलते का ते?”

बाबा हसले. लहानसंच, नाकातून. पण हसले. मग त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, जिथे किल्ली असायची. “निघतो आता उद्या,” ते म्हणाले. “शेजाऱ्याला दुकानाची किल्ली देऊन टाकतो.”

मी बाजूच्या झाडाखाली उभी होते, पायाखाली गळलेली पानं होती आणि डोक्यावर फुलं. तोंड कोरडं पडलं होतं. आई असती तर आता तीच बोलली असती, म्हणून मी क्षणभर थांबले. कोणीच बोललं नाही.

“बाबा, किल्ली नका देऊ,” मी म्हणाले. “गल्ल्यावर मी बसते.”