भ्यायला मी आहें कीं

गाडी कुंभकोणम स्टेशनात शिरली की सेतुराव डब्याडब्याच्या खिडकीला कान लावत चालायचे. स्टेशनवर कुणाला घ्यायला आलेला माणूस खिडकीतून आत बघतो. सेतुराव बघत नसत, नुसते ऐकत. काखेत छत्री, मान तिरकी, आणि चाल अशी की माळ्यावर उंदीर आहे का याची चाहूल घेत घरातला मालक फिरावा. आत कुणी मराठी बोलतंय का, एवढंच त्यांना ऐकायचं असे. बोलणारं कुणी सापडलं की ते त्याला घरी नेत. ओळख नाही, पाळख नाही, मराठी बोलणारा जीव आहे एवढी सोयरीक त्यांना पुरे.

मी आणि आई दिवाळीच्या सुट्टीत रामेश्वरला निघालो होतो. वडील गेल्यानंतरची आईची ही एकच इच्छा. वाटेत कुंभकोणमला उतरून दोन-तीन देवळं बघायची आणि धर्मशाळेत राहायचं, असा बेत होता. "अगं, तांब्या घेतलास का?" असं आई विचारते आहे तोच खिडकीत एक शेंडी आणि कपाळावर उभी काळी रेघ दिसली. "तुम्ही मराठी मनुष्यें काय? घरास चला. न्हायास पाणी तापवून ठेविलें आहे."

आम्ही येणार हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हा माणूस पाणी तापवून ठेवतो! मी वाईला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वर्गात माझा दरारा होता. पण उंबरठ्याबाहेर मी पक्की भित्री. निघताना शेजारच्या काकूंनी यात्रेकरूंना गोड बोलून लुबाडणाऱ्यांच्या गोष्टी पोटभर ऐकवल्या होत्या, आणि त्यातला एकेक भामटा मला या गृहस्थांच्या चेहऱ्यात दिसू लागला. मी आईचा हात दाबला. पण आईने एव्हाना आपलं बोचकं खिडकीतून त्यांच्या हाती देऊन टाकलं होतं. "किती गोड बोलतो गं," ती म्हणाली, "अगदी पोथीतल्यासारखं."

सेतुरावांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर सगळा व्यवहार तमिळमधून आणि घरात ही जुनी, जपून ठेवलेली मराठी. बाजारात त्यांचं पितळी दिव्यांचं लहानसं दुकान होतं आणि गाडीच्या वेळी ते खुशाल फळी लावून स्टेशनवर येत. मूलबाळ नव्हतं. घरी बायको रुक्माक्का. ठेंगणी, हसरी, कामाला वाघीण. तिने आमच्यापुढे केळीच्या पानावर गरम भात आणि डांगराची पचडी वाढली तेव्हा माझ्या मनातले निम्मे भामटे पळाले.

उरलेले निम्मे सेतुरावांनी वेगळ्याच तऱ्हेने पळवले. तो माणूस माझ्याहून भित्रा निघाला! आम्ही आंघोळीला जाण्याआधी न्हाणीतला दगड ते पायाने घासून बघत, शेवाळ तर नाही ना म्हणून. रस्त्याने जाताना कुत्रं दिसलं की छत्री उघडून आमच्या आणि त्याच्या मधे उभे राहत. देवळाच्या अंधाऱ्या पायऱ्या आधी स्वतः उतरत आणि खालून ओरडत, "यावें आतां, हळू!" आईने विड्याचं पान हातात घेतलं तर ते उलटंपालटं करून पाहत. आई हसायची. "अहो सेतुराव, आम्ही काय काचेच्या आहोत?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "अपला जीव असता तर कसाला भ्यालों असतों? हा दुसऱ्याचा जीव घरांत आहे."

माझा भित्रेपणा त्यांच्या लगेच लक्षात आला. भिंतीवरच्या पालीला बघून मी दचकले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुम्ही कसाला भितां? भ्यायला मी आहें कीं." पुढे हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येई. पाऊस कोसळला की, "तुम्ही निजा, भ्यायला मी आहें कीं." माझी भीती आजवर कुणी अशी उचलून आपल्या डोक्यावर घेतलेली नव्हती. खरं सांगते, दोन दिवस मी माहेरी आल्यासारखी निर्धास्त राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी धुणं धूत होते. सेतुराव दुकानात गेलेले, रुक्माक्का चुलीपाशी आणि आई पुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. धुणं वाळत घालून मी पुढे आले तर ओट्यावर सूप होतं, सुपात अर्धे निवडलेले तांदूळ होते आणि आई नव्हती.

आधी वाटलं, शेजारी गेली असेल. पण शेजारी जाऊन ती बोलणार काय? तमिळचा एक शब्द तिला येत नव्हता. राहत्या रस्त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, सेतुरावांचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. सगळी घरं सारखीच, सगळ्यांच्या दारात तशीच रांगोळी. मी "आई! आई!" म्हणून हाका मारत होते आणि लोक दारात येऊन माझ्याकडे बघत होते. त्यांना माझी हाक कळत नव्हती असं नाही, पण पुढे काय विचारायचं ते मला येत नव्हतं. आई गेली आणि हे कुणाला सांगायला माझ्याजवळ भाषा नाही, हे कळल्यावर जी भीती वाटली, तशी नंतर कधी वाटली नाही.

रुक्माक्काने कुणाला तरी दुकानावर पिटाळलं. सेतुराव आले ते अनवाणीच. मी काय सांगते ते त्यांनी पुरतं ऐकलंही नाही. "नदी," एवढंच म्हणाले आणि वळले.

मीही मागे धावणार होते, पण रुक्माक्काने मला धरलं. "थांबा, बाई. त्यांस एकलें जाऊं द्या," ती म्हणाली. मग तिने मला सांगितलं. काही वर्षांपूर्वी मिरजेकडचा एक म्हातारा त्यांच्याकडे उतरला होता. पहाटे एकटाच कावेरीवर आंघोळीला गेला आणि पायरीवरून निसटला. खूप खाली, दुसऱ्या गावच्या घाटाला सापडला. सेतुरावांनीच त्याला अग्नी दिला. "त्यावरी दोन वर्षें स्टेशनास गेले नाहींत," रुक्माक्का म्हणाली. "गाडीची शीटी झाली कीं कानांवर हात ठेवीत. मग एके दिवशीं छत्री घेऊनशान उठले. मी म्हंटलें, भय गेलें काय? म्हणाले, भय आहेच. भय आहे म्हणूनशान दार लावून बसलें, तर घर कसाला?"

हे ऐकून मला कुणी धरून ठेवू शकलं नसतं. मी घाटाकडे पळाले. कावेरी तांबडी, दुथडी भरलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या. एक म्हातारी बाई एकटीच पाण्यात उतरताना दिसली होती, असं घाटावरच्या कुणीतरी सेतुरावांना सांगितलेलं. ते छातीभर पाण्यात उभे होते आणि पायाने तळ चाचपत होते. त्यांना पोहता येत नव्हतं. चार माणसं वरून ओरडत होती, एकाने त्यांच्या उपरण्याचं टोक धरून ठेवलं होतं. मी पायरीवर बसले आणि देवाला नाही नाही ते बोलले. तेवढ्यात ती उतरलेली बाई पलीकडच्या पायरीवर लुगडं पिळताना सापडली. ती आई नव्हती. मला आनंद व्हावा की रडू यावं तेही कळेना, कारण आई अजून कुठेच नव्हती.

ओल्या धोतराने सेतुराव घरी आले आणि ओट्यावरच्या त्या सुपासमोर उभे राहिले. मग रुक्माक्काला विचारलं, "ह्या बसल्या होत्या तेव्हां रस्त्यानें कोण गेलें?"

"कोण जाणार? भजनवाले तेवढे गेले, तांदूळ मागत."

"तिरुविसनल्लूरचे? अभंग म्हणत होते?"

"होय कीं."

सेतुराव मटकन खाली बसले. "बाई," ते मला म्हणाले, "ते लोक तमिळ. बापजाद्यांपासून मराठी अभंग गातात. अर्थ ठाऊक, पण मराठी बोलतां येत नाहीं. लहानपणीं मीही अपले लोक आले म्हणूनशान त्यांच्या मागें लागलों होतों." मला एकदम दिसलं. परक्या गावात, ओट्यावर बसलेल्या माझ्या आईच्या कानावर झांजांच्या तालात आपला अभंग आला असणार. ती सूप ठेवून न उठती तरच नवल!

जटका, म्हणजे तिकडचा टांगा, करून आम्ही निघालो. गाव पाच-सहा मैलांवर. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, पाण्याने भरलेले पाट, चिखलाचा रस्ता, आणि घोडा असा चाले की उतरून मीच तो ओढावा. तर्क बरोबर असेल कशावरून? ती त्यांच्यामागे गेली असेल, पण अर्ध्या वाटेत चुकामूक झाली नसेल कशावरून? पाटात काही पांढरं दिसलं की मी डोळे मिटून घेत होते. सेतुराव आता ते वाक्य म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते काही म्हणाले नाहीत. दातावर दात आपटत बसून राहिले. ते ओल्या धोतरामुळे असेल असं मी स्वतःला समजावलं.

तिथल्या भजनमठाच्या ओसरीवर दहा-बारा बायका गोलाकार बसल्या होत्या. मधोमध आई! ती डोळे मिटून गात होती, आणि बायका तिच्या मागे ओळ धरत होत्या. पुढ्यात केळीचं पान होतं, त्यावरचा भात तसाच होता. मला बघितलं आणि तिचा आवाज चिरकला. मी तिच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडले.

"आपली माणसं म्हणून आले गं," ती म्हणाली. "त्यांनी मला आदराने बैलगाडीत घेतलं. नदी ओलांडल्यावर मी म्हटलं, आता मला घरी सोडा. तर ते हसले आणि पुढचा अभंग म्हणाले. तेव्हा कळलं. मग भीतीने जीव अर्धा झाला. पण गायले की ते गायचे. म्हटलं, गाणं थांबवलं तर या गावात मला कळणारं काहीच उरणार नाही. सकाळपासून थांबले नाही बघ."

आणि मग सेतुराव पुढे आले. कधी आवाज न चढवणारा तो माणूस आईवर असा कडाडला की ओसरीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. तेही तमिळमधून! मराठीचा एक शब्द कानी पडावा म्हणून गाडीमागून गाडी हिंडणारा माणूस; पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून एकही मराठी शब्द येईना. एक "अम्मा" सोडला तर मला काही कळत नव्हतं. ते बोलत होते, नदीकडे हात करत होते, स्वतःच्या कपाळावर मारून घेत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझी आई वाईच्या आळीत कुणाचं ऐकून न घेणारी. ती तिथे मान खाली घालून सगळं ऐकत उभी राहिली. ते थांबल्यावर हात जोडून म्हणाली, "चुकलं, दादा. पुन्हा नाही जाणार."

तेव्हापासून मीही त्यांना मामा म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही रामेश्वरला गेलो. मामा आणि रुक्माक्का बरोबर आले, कारण मामांना आम्हाला एकट्या सोडवेना. त्यानंतर पुन्हा भेट झाली नाही.

काही वर्षांनी आमच्या आळीतले एक गृहस्थ दक्षिणेची यात्रा करून आले. आम्ही दिलेल्या पत्त्यावर ते जाऊन आले होते. त्यांना रुक्माक्का भेटली. सेतुराव उन्हाळ्यातच गेले होते. आईने ऐकून घेतलं आणि उठून विहिरीवर गेली. डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानेच येऊन मला म्हणाली, "आज देवाला तू हात लावू नकोस. सुतक आहे." तीन दिवस तिने पाळलं.

शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाचं म्हणून. आईला सख्खं, चुलत असं कुणीच भावंड नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"माझा भाऊ गेला," आई म्हणाली. "मला फार रागावला होता एकदा."