पन्हळीवरची काकडी

माझ्या डोक्यात तेव्हा हवा होती. कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं इमारतींचे नकाशे काढायचं ऑफिस. खाली मशीन सुरू झाल्या की वर माझी सरळ रेघ थरथरायची. त्याच टेबलावर मी बारवी नदीकडच्या एका पाड्याचं समाजमंदिर काढलं. उतरता स्लॅब, कडेला पन्हळ, पन्हळीला पाइप, पाइपाखाली टाकी. छपरावरचं पावसाचं पाणी उन्हाळ्यात प्यायला. आमच्या सिंधी साहेबांनी एकच विचारलं, "पन्हळ साफ कौन करेगा?" मी नकाशातल्या टिपेवर बोट ठेवलं: पन्हळ दर आठवड्याला साफ करावी. झालं की!

त्याआधी एप्रिलमध्ये मोजमापाला गेलो, तेव्हा पाड्यावरच्या एक मावशी घरी सापडेचनात. एकट्या राहायच्या, दिवसातून तीनदा नदीवर. शेवटी विचारायचं ते चढावर त्यांच्यामागे धावत विचारलं. हंडे त्यांच्या डोक्यावर आणि धाप मला. त्यांचं मागणं एवढंच, पुढच्या उन्हाळ्यात ही चढण नको, गुडघे गेलेत.

समाजमंदिर घाईघाईने पावसाआधी उभं राहिलं. भाद्रपदात बघायला गेलो आणि माझं टाळकंच सटकलं. माझ्या पाइपावरून काकडीचा वेल चढून छपरावर पसरला होता. पन्हळ दिसतच नव्हती. पावसाळ्यात पाड्यावर सगळेच घरावर वेल सोडतात, मान्य. पण पाण्याच्या छपरावर? लावला होता मावशींनीच. ज्यांच्या गुडघ्यांसाठी मी एवढा आटापिटा केला, त्यांनीच! कोयता मागितला, शिडी लावली आणि बडबडत वर चढलो.

पानं बाजूला केली, तर खाली पन्हळ लख्ख. एक काटकी नाही. टाकी भरून वाहत होती. मी कोयता धरून येड्यासारखा उभा.

मावशी खालून म्हणाल्या, "तुझी पन्हळ बघायला कोण चढतंय? काकडी बघायला रोज कोणी ना कोणी चढतं. चढलं की मी सांगते, तेवढा पाला काढ."

बदलापूर गावात मी त्याच वर्षी असंच दुसरं छप्पर केलं होतं, टीप लिहून, वेलाविना. तिथली पन्हळ पिंपळाच्या पानांनी केव्हाच तुंबली होती. लाज वाटली, खरं सांगतो. कोयत्याने एक काकडी तेवढी कापली आणि वरच बसून खाल्ली.

पुढच्या एप्रिलमध्ये मुद्दाम भरदुपारी गेलो. मावशी घरी होत्या. पाय पसरून गाढ झोपल्या होत्या. मी हाक मारली नाही. टाकीचं पाणी प्यायलो आणि परत फिरलो.