पेज निवान जातली

"कळायचं कसं?" असं म्हणून काका चष्मा कपाळावर सरकवायचे. लिफ्ट दुरुस्त झाली म्हणा, ताप उतरला म्हणा, प्रश्न हाच. जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचलेला माणूस. आकडा दिसल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या घरात राहायचे. असे एक काका तुमच्याही मजल्यावर असतील.

काकूंना विसरायचा आजार जडला आणि त्या घराबाहेर पडू लागल्या. एकदा तर नॅशनल पार्कच्या गेटपाशी सापडल्या, अनवाणी. काकांनी बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी दार बडवून हात सुजवून घेतले.

मी सॉफ्टवेअरमधला, म्हणून काका माझ्याकडे आले. "मी दुधाला गेलो आणि हिने दार उघडलं, तर माझा आवाज यायला हवा. जमेल?"

पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर आणला. मॉनिटर मात्र घरात चालणार नव्हता. पडद्यावर माणसं हलली की काकू घाबरायच्या; टीव्हीवरही चादर टाकलेली. मग वायफायचं नाव, पासवर्ड सगळं माझ्या लॅपटॉपवरून मेमरी कार्डात आधीच भरलं, कार्ड आत सरकवलं, वायर जोडली. हिरवा दिवा लुकलुकला.

"चालू झाला?"

"झाला असावा."

"असावा म्हणजे? कळायचं कसं?"

वाट बघायची, दुसरं काय. थोड्या वेळाने तो वायफायवर आला, लॅपटॉपवरून मला त्यात शिरता आलं. दाराचा सेन्सर जोडला, दार उघडलं, आणि स्पीकरमधून काका बोलले, "सुमन, थांब गं, मी आलोच." खरे काका चष्मा पुसत बसले.

काही महिने झकास चाललं. मग एका सकाळी किंकाळी ऐकून मी धावलो. दार उघडं, काकू भिंतीला चिकटलेल्या. "घरात कोण पुरुष बोलतोय?"

काका जिन्यातून वर येत होते, हातात दुधाची पिशवी. "अगं, तो मीच!"

"अहो, तुम्ही कुणीही असा, पण त्याला हाकला ना!" काकू त्यांना म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले. "माझा आवाज पुसून टाक. तिच्या ताईचा घाल. ती ओळख माझ्या आधीची आहे."

ताईंनी मालवणहून फोनवर आवाज पाठवला: "गो बाये, खंय चललंस? भितर ये, पेज निवान जातली." पेज गार होतेय, हे ऐकलं की काकू मागे वळायच्या आणि स्वयंपाकघरात पेज शोधायच्या. म्हणून काका रोज पेज करून ठेवू लागले.

गेल्या उन्हाळ्यात काकू झोपेतच गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मुलगा काकांना बंगळुरूला घेऊन गेला. तिथून ते परतलेच नाहीत. पावसाळ्यात तिकडेच वारले.

काका बंगळुरूला निघाले त्या दिवशी मी यंत्र काढायला गेलो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "दाराशी उभी राहून ती ताईला उत्तरं द्यायची रे. गप्पा मारायची. ते असेल ना ह्यात कुठेतरी?"

त्या यंत्राला फक्त बोलता येत होतं. माइक आम्ही बसवलाच नव्हता.

"नाही, काका."

त्यांनी मान डोलावली. खाली मुलगा टॅक्सीत सामान भरत होता. काकांनी ताईंना फोन लावला. "ताई, ती तुम्हाला हाक कशी मारायची? जरा मारून दाखवा ना," म्हणाले, आणि फोन कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ऐकत राहिले.