शेवटाला टाका

मराठी साहित्यावर इतकं प्रेम करणारा आणि मराठी वाचकांवर इतका अविश्वास ठेवणारा माणूस आमच्या शेठजींखेरीज अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. जळगावात त्यांचं साड्यांचं दुकान आणि वर माडीवर त्यांचं साहित्य मंडळ. घरात मारवाडी बोलणारे शेठजी साडी दाखवता दाखवता गिऱ्हाइकाच्या गळ्यात मराठी कादंबरी मारायचे. पण लोक ती घरीच वाचून संपवतात, मंडळात फिरकत नाहीत, हे त्यांचं दुःख. म्हणून त्यांनी प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण दोऱ्यानं शिवून टाकायचा नियमच काढला. शेवट हवा तर गुरुवारी माडीवर या, चारचौघांत ऐका! पाचोऱ्याच्या एका वकिलांनी घरी टाका उसवला, तर शेठजी म्हणाले, "साहेब, पंगत बसायच्या आधीच जिलबी उचललीत!"

हे टाके घालायचे मी. मी कुडाळकडची, आठवीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. ओळख ना पाळख. शेठजींनी दुकानाच्या ओट्यावर फॉल-पिकोचं मशीन टाकू दिलं. वर दटावायचे, "आधी वाचा, मग शिवा. टाका कुठे घालायचा ते कळायला नको?"

एका गुरुवारी त्यांचा घसा बसला आणि त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. शाळेत मी वाचायला उभी राहिले की वर्ग हसायचा. इथेही हसले असते, तर माडीचा जिना मी पुन्हा चढले नसते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर नाना म्हणाले, "वाच ना अक्का! आठे बठ्ठा आपलाच शेतस." इथे सगळे आपलेच, एवढी अहिराणी मला एव्हाना कळायची.

अडखळत वाचत गेले. लेक सासरी निघते आणि आई दारात उभी राहते, तिथे माझा आवाजच थांबला.

"अक्षर अडलं की रडू आलं?" शेठजींनी खरखरत विचारलं.

"रडू."

"मग थांबा. मंडळाला घाई नाही."

कुणी हसलं नाही. नाना खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होते.

पुढच्या गुरुवारी दुपारी शेठजी गिऱ्हाइकाशी खणखणीत आवाजात भाव करत होते. संध्याकाळी मात्र गळ्याला मफलर! "घसा अजून तसाच हो," असं कुजबुजत त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. त्यानंतर तो घसा गुरुवारपुरता कधी बरा झालाच नाही.

हल्ली त्यांना खरंच कमी ऐकू येतं. अगदी माझ्यासमोर बसतात, कानामागे हात धरून. हसायच्या जागी ते हसले नाहीत की मी गुपचूप ते वाक्य पुन्हा वाचते, जरा मोठ्यानं. मग ते हसतात. आणि बाकीचे सगळे, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे, पुन्हा हसतात.