पॅकिंग फोडून मिळेल

खेळण्यांच्या दुकानात धूळ आणि किस्से एकाच वेगानं साठतात. धूळ तबस्सुम रोज सकाळी झटकते. किस्से मात्र राहतातच, आणि चार मैत्रिणी भेटून चहा आला की मी सुरू होते.

तबस्सुम आणि मी कॉलेजात बालविकास शिकलो. उस्मानपुऱ्यात आमचं दोघींचं छोटं दुकान आहे. मुलाच्या वयाला, हाताला आणि डोक्याला झेपेल तेच खेळणं ठेवायचं, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न, "बाळ केवढं आहे?"

पहिल्या दिवशीच्या पहिल्याच बाईंनी उत्तर दिलं, "बॉक्स मोठा पाहिजे."

*

लासूर स्टेशनचे एक मामा भाचीच्या पहिल्या वाढदिवसासाठी आले. मी एकात एक बसणारे लाकडी डबे दाखवले. घालायचे, काढायचे, रचायचे, पाडायचे. या वयात बाळाला दिवसभर हेच करायचं असतं, असं तळमळीनं सांगितलं. मामांनी प्रत्येक डबा उलटा करून पाहिला.

"सेल कुठं टाकायचा?"

"सेल लागत नाही मामा. बाळ स्वतःच चालवतं."

"म्हंजी बाळ झोपलं की हे बी बंद?"

मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. घरात आधीच एक गाणारा हत्ती होता. कुणी कूस बदलली तरी तो सुरू व्हायचा, आणि सगळं घर उठून बसायचं.

"मग दोन द्या," मामा म्हणाले.

*

एक तरुण बाबा सहा महिन्यांच्या लेकाला कडेवर घेऊन आले. त्यांना ए टू झेडची कार्डं हवी होती. आत्तापासून सुरुवात केली की पुढं ट्यूशन लागत नाही, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं.

माझं डोकं फिरलं. या वयात बाळ जग तोंडानं ओळखतं, त्याला अक्षरं नकोत, पकडता येईल असं काहीतरी हवं, त्याच्याशी बोलणारं माणूस हवं, असं मी बराच वेळ ऐकवलं. तेवढ्यात बाळानं काउंटरवरचं 'बी' उचललं आणि तोंडात कोंबलं.

"बघा, इंटरेस्ट आहे त्याला!" बाबा खूश.

तबस्सुमनं ते ओलं कार्ड हळूच सोडवलं, त्याच्या जागी कापडी बॉल दिला आणि म्हणाली, "सर, बॉल घ्या. बॉल धुता येतो."

घेतला. माझं भाषण वाया गेलं.

*

आता खरं प्रकरण. एका ओळखीच्या घरी तीन वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होता. हॉलमध्ये भिंतभर काचेचं शोकेस. आत गाड्या, बाहुल्या, किचन सेट, सगळं पॅकिंगसकट. आमच्या दुकानातली दोन खेळणीसुद्धा होती, रिबीनही न सुटलेली. आपल्याकडे ही रीतच आहे. चांगलं खेळणं मुलाच्या हातात द्यायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं.

मुलगा खाली बसून शोकेसच्या कुलपात किल्ली घालत होता, फिरवत होता, काढत होता. अगदी तल्लीन.

त्याची आई कौतुकानं म्हणाली, "एवढी खेळणी आहेत, पण ह्याचं दिवसभर कुलूपच चालू असतं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाबाहेर पाटी लावली: 'खेळणं पॅकिंग फोडून मिळेल.' प्रत्येक बॉक्स गिऱ्हाईकासमोर उघडायचा, खेळणं कसं चालतं ते दाखवायचं, आणि उघडंच द्यायचं. फोडलेला बॉक्स शोकेसमध्ये कोण ठेवणार?

तबस्सुमनं पाटी वाचली. "कायकू गं? दुकान बंद पाडायचंय का?"

तिची काळजी खरी होती. शाळेतली पक्की नोकरी सोडून ती या दुकानात आली होती, आणि घरचे अजून ती परत कधी लागतेय हेच विचारत होते. शेवटी ठरलं, ईदेपर्यंत माझ्या मनासारखं. तोवर नाही जमलं तर पाटी उतरेल आणि सगळा माल पुन्हा सीलबंद.

*

लोकांनी तोंडावर सांगितलं की फोडलेलं गिफ्ट दिलं तर घरातलं वापरलेलं दिलं असं वाटतं. काही जण पाटी वाचून दारातूनच समोरच्या दुकानात गेले. ते पाठमोरे दिसले की तबस्सुम नुसती माझ्याकडे बघायची.

एका साहेबांना तर सर्वांत मोठाच बॉक्स हवा होता. तो ड्रमसेट माझ्याही मनाविरुद्ध, होलसेलवाल्यानं गळ्यात मारलेला. मी नियमाप्रमाणे टेप कापली. आत पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली पुठ्ठा, आणि तळाशी वाटीएवढा ड्रम.

मी विजयी नजरेनं साहेबांकडे पाहिलं. म्हटलं, आता पटलं ना?

"पटलं," साहेब म्हणाले. "बंद करा. असाच द्यायचाय."

*

ईदेच्या आदल्या दिवशी दुपारी तबस्सुमनं गुपचूप टेपचा मोठा रोल आणला. उघडे बॉक्स एकेक करून चिकटवायला लागली. मी भांडायच्या तयारीत होते, पण भांडायला मुद्दा उरला नव्हता.

तेवढ्यात पाचोडचे एक आजोबा आत आले. आठवड्यापूर्वी त्यांनी नातवासाठी लाकडी ठोकळे नेले होते. फोडलेला बॉक्स बघून तेव्हाही कुरकुरले होते. आज कपाळावर आठ्याच होत्या.

"तुमच्या ठोकळ्यानं घरात भांडण लागलंय," ते म्हणाले.

तबस्सुमनं टेप खाली ठेवली. "बॉक्स फोडलेला होता म्हणून का आजोबा?"

"नाय वं. घरी गेल्या गेल्या पोरानं समदे ठोकळे भुईवर ओतले. मी बी बसलो संगं. लई झ्याक चाललं होतं."

"मग?"

"आता मला हात लावू देत नाय. म्हणतो, आबा, तुम्ही पाडता."

मी म्हटलं, मी समजावून सांगते, या वयात मुलांना वाटून घेणं जड जातं, थोडा धीर धरा. आजोबांनी हातानंच मला थांबवलं.

"त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या. मला येगळे द्या."

तबस्सुमनं नुकताच चिकटवलेला ठोकळ्यांचा बॉक्स फळीवरून काढला. क्षणभर हातात धरला. मग टेपखाली नख घालून एका झटक्यात फाडला.

आजोबांनी पिशवीही मागितली नाही. आधी बरोबर भरलेत का बघतो म्हणाले, आणि धोतर सावरून दारातच मांडी घालून दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा रचू लागले. ईदेची गर्दी वाढत होती. लोक उंबऱ्याशी थबकून खाली बघत होते.

तबस्सुम दारात उभी राहिली आणि एकेकाला सांगू लागली, "जरा वळसा घालून या. पुलाचं काम चालू आहे."